ऑख्टरबेगचे धाकटे डॉक्टर

श्रूजबरीच्या मराठी मंडळात प्रत्येकाला एक गाव आहे. अमेरिकेत चाळीस वर्षं काढलेला माणूस तिसऱ्या बटाटेवड्यानंतर हमखास आपल्या गावाला जातो. मग तिथली विहीर निघते, शाळेचे मास्तर निघतात, चोरून पाडलेल्या कैऱ्या निघतात. त्या गावांतली नदी कधी आटत नाही आणि तिथे एकही वाईट माणूस राहत नाही. ऐकणारे माना डोलावतात, कारण थोड्या वेळाने त्यांनाही आपापली विहीर काढायची असते.

सुलेखा कर्णिकचं गाव मात्र स्कॉटलंडमध्ये होतं. पर्थ शहराच्या उत्तरेला, डोंगराच्या पायथ्याशी, ऐंशी घरांचं ऑख्टरबेग. तिचे वडील डॉ. अरुण दिघे १९६२ साली साताऱ्याहून तिथल्या दवाखान्यात नोकरीला गेले. बरोबर बायको मालिनी आणि चार वर्षांची सुलेखा. १९७१ साली तिघं परत आली. पुण्यातलं मेडिकल कॉलेज, कुमारशी लग्न, अमेरिका, वूस्टरच्या एका हॉस्पिटलात पॅथॉलॉजिस्ट म्हणून तीस वर्षं, मुलगी हिमानीचा जन्म, हे सगळं सुलेखा चार वाक्यांत उरकायची. ती नऊ वर्षं मात्र तिच्याच्याने उरकत नसत.

कमरेला बादली बांधून रासबेरी तोडायला जायचं, दोन बादलीत आणि एक तोंडात. ऑक्टोबरात शाळेला पंधरा दिवस सुट्टी, ती बटाटे काढण्यासाठी. अख्खी शाळा शेतात आणि बोटं इतकी बधिर की बटाटा धरलाय की दगड ते कळू नये. थंडीत दुधाच्या बाटल्या गोठायच्या म्हणून बाई त्या वर्गातल्या शेगडीभोवती गोल मांडून ठेवायच्या. दुकानात ‘टॅब्लेट’ नावाची वडी मिळायची, नारळ नसलेली नारळाची वडीच म्हणा. हे सांगताना सुलेखाचे डोळे असे काही लकाकत की समोरच्याला आपल्या विहिरीची लाज वाटावी.

पण मंडळात खरी मागणी होती ती कोळशाच्या गोष्टीला.

“तिथे नवीन वर्ष लागलं की घरात पहिलं पाऊल कुणाचं पडतं, त्यावर वर्ष कसं जाणार ते ठरतं,” सुलेखा सुरू करायची. “ते पाऊल काळ्या केसांच्या उंच पुरुषाचं हवं आणि त्याच्या हातात कोळशाचा तुकडा हवा. लाल केसांचा आला तर वाईट. बाई आली तर त्याहून वाईट! आता आमच्या गावात निम्मे लोक लाल केसांचे, उरलेले पिवळ्या. आणि तिथे माझे बाबा. सहा फूट उंच, केस डांबरासारखे काळेभोर. बारा वाजले रे वाजले की दारोदार एकच हाका, ‘डॉक्टर, आधी आमच्याकडे!’ मी हातात कंदील घेऊन बरोबर. पण मी मुलगी ना, माझा पाय आधी पडायला नको, म्हणून मी फाटकाशी बर्फात थांबायचे. बाबा आत जाऊन कोळसा चुलीत टाकायचे, ठरलेलं वाक्य म्हणायचे, की मग मला बोलवायचे आणि माझे दोन्ही खिसे वड्यांनी भरायचे. एका वर्षी तर पायांची बोटं निळी पडली होती माझी!” मग एक क्षण थांबून, आवाज खाली आणून ती शेवटचं वाक्य टाकायची. “लंडनमध्ये काळ्या माणसाला भाड्याने खोली देत नव्हते तेव्हा. आमच्या गावात काळ्या माणसाशिवाय नवं वर्षच लागत नव्हतं!”

टाळ्या. कुणीतरी दर वेळी म्हणायचं, “म्हणजे आपला पायगुणच की हो!” आणि पुन्हा हशा.

कोपऱ्यात मालिनीबाई बसलेल्या असत. नवरा गेल्यावर दोन वर्षांनी त्या लेकीकडे आल्या, त्यालाही आता तीस वर्षं झाली. वय एक्क्याण्णव, दृष्टी शाबूत, बुद्धी त्याहून शाबूत. कोळशाची गोष्ट सुरू झाली की त्या ताट ठेवायला उठायच्या. ताट ठेवायला दहा मिनिटं लागत नाहीत, पण एक्क्याण्णव वर्षांच्या बाईला कोण विचारतंय?

रिटायर झाल्यावर सुलेखाचं हे गाव फारच वाढलं. तोवर ते वीकएंडपुरतं होतं, आता सकाळच्या चहापासून सुरू व्हायचं. तिने इंटरनेटवर ऑख्टरबेगचा शोध घेतला आणि गेल्या सप्टेंबरात तिला तिथल्या कम्युनिटी हॉलचं पान सापडलं. जुना हॉल नव्याने बांधून काढला होता. त्यात एक भिंत गावाच्या इतिहासाची होणार होती आणि त्या भिंतीवर १८८० पासून गावाची सेवा केलेल्या डॉक्टरांच्या नावांचा पितळी फलक लागणार होता. उद्घाटन मे महिन्यात.

सुलेखा उडालीच. “कुमार, बाबांचं नाव लागणार! पितळेत!”

“लागेलच ना,” कुमार म्हणाला. “त्यांच्याकडे रेकॉर्ड असणार सगळं.”

“तरी मी लिहिते. स्पेलिंग चुकवतील. Dighe चं डिग करून ठेवतील.”

फलकावर बापाचं नाव, एवढंच तिला हवं होतं. साताऱ्यात परत आल्यावर डॉ. दिघ्यांनी एका गल्लीत लहानसा दवाखाना टाकला होता. तिथेच ते बसले आणि तिथेच म्हातारे झाले. दवाखाना मग विकला, त्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. त्या माणसाचं नाव जगात कुठल्याही भिंतीवर नव्हतं. लेकीला ते लागायचं आणि फलकाची बातमी कळल्यापासून जास्तच लागायला लागलं.

तिने हॉलच्या समितीला लांबलचक पत्र लिहिलं. समितीची सेक्रेटरी शीना नावाची बाई होती, पन्नाशीची, म्हणजे दिघे गाव सोडून गेल्यावर जन्मलेली. शीनाने गोड उत्तर पाठवलं आणि विचारलं, काही फोटो आहेत का? सुलेखाकडे एक होता. घरात नऊ वर्षांचे मिळून सात फोटो, त्यातला सगळ्यात लाडका. एका घराच्या दारात ओव्हरकोट घालून उभे असलेले बाबा, हातात कोळसा, मागे उजेड, दोन्ही बाजूंना हसणारी माणसं. तिने तो चांगल्या स्कॅनरवर स्कॅन केला आणि पाठवला. शीना खूश झाली. तीन उद्गारचिन्हं आली. सुलेखाने त्याच दिवशी एडिंबरोची तिकिटं काढली, स्वतःचं आणि कुमारचं. आईला विचारलं तर ती म्हणाली, “मला नाही झेपायचं,” आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

फेब्रुवारीत शीनाचं पुढचं पत्र आलं. फलकावरची यादी दवाखान्याच्या जुन्या कागदांवरून केली आहे. त्यात डॉ. दिघे यांचं नाव भागीदार म्हणून कुठे आढळत नाही. असिस्टंट मंडळींची नावं घ्यायची नाहीत असं समितीने ठरवलं आहे, नाहीतर त्याला अंत राहणार नाही. फोटो मात्र अप्रतिम आहे आणि तो ‘आमच्या चालीरीती’ या भागात मोठा करून लावतो आहोत. सोबत फलकावरची यादी आणि फोटोचा नमुना जोडला होता. फोटोखाली ओळ होती : नववर्षाचा शकुन, दारातला काळा पाहुणा, १९६० च्या सुमारास.

सुलेखाचं डोकं फिरलं. पाहुणा? नऊ वर्षं ज्याने गावाची बाळंतपणं केली तो पाहुणा? पण ती शास्त्राची बाई. पुरावा नाही म्हणतायत ना, मग पुरावा देऊ. ती तडक खाली आईच्या खोलीत गेली.

मालिनीबाई पलंगावर पेपर पसरून मेथी निवडत होत्या.

“आई, बाबांचं ऑख्टरबेगचं अपॉइंटमेंट लेटर आहे ना कुठेतरी? पार्टनरशिपचे पेपर्स?”

“भागीदारी नव्हती.”

“म्हणजे?”

“असिस्टंट होते. दोन वर्षांत भागीदार करून घेऊ, असं त्या लॉसनने लिहून दिलं होतं.” लॉसन म्हणजे तिथले मोठे डॉक्टर. गाव त्यांना मोठे डॉक्टर म्हणायचं आणि दिघ्यांना धाकटे. सुलेखाला ते प्रेमाचं वाटायचं. “दर डिसेंबरात हे विचारायचे. तो म्हणायचा, पुढच्या वर्षी नक्की. असे नऊ डिसेंबर झाले.”

“पण दवाखान्याच्या दारावर बाबांची पाटी होती, आई. पितळेची. मी पुसायचे ती. मला स्वच्छ आठवतंय.”

“लॉसनची होती. पुसायचीस तू, तेवढं खरं.”

सुलेखा खुर्चीत बसली. “असं कसं? लोकांना बाबाच हवे असायचे. रात्री-अपरात्री कुणी ना कुणी न्यायला यायचं त्यांना.”

“रात्रीच हवे असायचे.” मालिनीबाईंनी एक पिवळं पान बाजूला काढलं. “रात्री, बर्फात, डोंगरावरच्या शेतांवर. ती कामं यांची. दिवसा सगळी रांग लॉसनच्या दाराशी. हे आपल्या खोलीत एकटे बसलेले. एखादा चुकून आत आला तर यांनाच विचारायचा, खरे डॉक्टर कधी भेटतील? घरी येऊन हसत सांगायचे मला. पहिली दोन-तीन वर्षं हसत सांगितलं.”

“आणि न्यू इयरला? तेव्हा तर गाव भांडायचं बाबांसाठी!”

“भांडायचं कशाला? यादी असायची. लॉसनची बायको करून द्यायची. अकरा घरं. कुणाकडे आधी, कुणाकडे नंतर, सगळं लिहिलेलं. मोठ्या शेताचा मालक पहिला.” त्या एवढं बोलून थांबतील असं वाटलं, पण साठ वर्षं दाबून ठेवलेलं तोंड एकदा उघडलं की आवरत नाही. “यांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. तिथे प्रत्येक घरी एक घोट घ्यावाच लागे, नाही म्हटलं तर अपशकुन. अकरा घरं करून आले की बाथरूममध्ये गुडघ्यांवर बसून ओकायचे. मी पाठ चोळायची. तू खिशातल्या वड्या मोजता मोजता झोपलेली असायचीस.”

“पण मग जायचे कशाला?”

“पुढच्या वर्षी भागीदारी होती ना.”

“आणि मला कशाला नेत होते? मी बर्फात...”

“तुला मी पाठवत होते,” मालिनीबाई म्हणाल्या. “पोर बरोबर असलं की लोक जरा बरे वागतात.”

सुलेखाची निळी पडलेली बोटं, जी गेली चाळीस वर्षं हमखास हशा मिळवून देत होती, ती कोणत्या कामासाठी थंडीत उभी केली होती ते तिला आता कळलं. आईचा राग आला, आणि राग धरायलाही जागा नाही याचा आणखी राग आला.

“शेवटच्या वर्षी गेलो नव्हतो आपण,” ती म्हणाली. “बाबा दमले होते म्हणून घरीच पत्ते खेळलो.”

“यादीच आली नव्हती.” मालिनीबाईंनी निवडलेली मेथी एकत्र केली. “त्याच्या आदल्या वर्षी त्या शेतमालकाकडे पहिलं पाऊल यांचं पडलं. तीन आठवड्यांत त्याचा थोरला मुलगा ट्रॅक्टरखाली आला. एकोणीस वर्षांचा. यांनाच बोलावलं, डोंगरावर होतं ना ते. अँब्युलन्स यायला दोन तास लागले. दोन तास हे त्याचं डोकं मांडीवर घेऊन बर्फात बसले होते. नाही वाचला. मग बोलायला लागले लोक. पाऊल वाईट होतं म्हणे. आधी दुकानात, मग चर्चबाहेर. मी भाजी आणायला गेले की गप्प व्हायचे. वर्षभर. पुढच्या डिसेंबरात यादी आली नाही, आणि मार्चमध्ये एडिंबरोहून लॉसनचा पुतण्या आला. सव्वीस वर्षांचा. तो भागीदार झाला. त्याचं नाव असेल बघ फलकावर.”

होतं. लॉसन, आणि खाली दुसरा लॉसन.

“तुमच्या मंडळात हसतात ना पायगुण पायगुण म्हणून,” मालिनीबाई म्हणाल्या. “माझ्या लग्नानंतर महिन्याभरात मामंजी गेले. तुझ्या आजीने मला पांढऱ्या पायाची म्हटलं. पाच-सहा वर्षं उठता-बसता ऐकलं. ते ऐकायला लागू नये म्हणून यांच्यामागे लागून लागून मीच परदेशी नेलं यांना. आणि तिथे जाऊन यांचेच पाय वाईट ठरले. माझ्यावर नाव आलं तेव्हा निदान ते मराठीत होतं, भांडता तरी आलं असतं. यांना त्या लोकांशी भांडताही येईना.”

“मला का नाही सांगितलंस कधी?”

“काय सांगायचं होतं? तुझी नऊ वर्षं सुखात गेली. त्या गावातून आम्ही तेवढंच आणलं. ते कशाला नासवू?”

त्यानंतर महिनाभर सुलेखाने ऑख्टरबेगचं नाव काढलं नाही. कुमारला तिने थोडंफार सांगितलं, पण कुमार भला माणूस आहे आणि भल्या माणसांना वाईट गोष्टी नीट ऐकू येत नाहीत. “अरे यार, त्या काळात सगळीकडेच असं होतं,” एवढं म्हणून तो स्नो ब्लोअर दुरुस्त करायला गॅरेजमध्ये गेला.

मग मंडळाचा पाडवा आला. शाळेचा कॅफेटेरिया, प्लास्टिकच्या टेबलांवर श्रीखंड, भिंतीला टेकवलेली गुढी. मंडळाची नवी सेक्रेटरी वल्लरी, नागपूरची, तिशीची, माइक घेऊन थेट सुलेखाच्या टेबलाशी आली.

“काकू, ती कोळशाची स्टोरी प्लीज! माझ्या वेदने ऐकलीच नाहीये. ही’ज सो एक्सायटेड!”

“आज नको गं, घसा बसलाय.”

“काकू, असं नाही हं चालणार!”

“मी सांगतो,” कुमार उठला. “चाळीस वर्षं ऐकतोय. मला पाठ आहे ती!”

आणि त्याने सांगितली. चांगली सांगितली, हे कबूल करायला हवं. माइक डाव्या हातात, उजव्या हातात कोळसा म्हणून चमच्यावर एक गुलाबजाम. सासऱ्यांसारखा ताठ चालून दाखवला, टेबलावर टकटक केलं, दार उघडणाऱ्या स्कॉटिश बाईचा आवाज काढला. पोरं हसून हसून लोळली. वेदने विचारलं, “वॉज ही लाइक सँटा?” आणि वल्लरी म्हणाली, “यस बेटा, एक्झॅक्टली!” लंडनच्या खोलीचं वाक्य आलं, टाळ्या पडल्या. पायगुणही कुणीतरी म्हणालं.

सुलेखाने ही गोष्ट शेकडो वेळा सांगितली होती, पण समोर बसून ऐकली नव्हती. एक उंच काळा माणूस दारादारांत कोळसा घेऊन उभा राहतो आणि लोक हसतात, एवढंच तिच्यात होतं. त्या माणसाला काय झालं, हे गोष्टीत कुणी विचारत नव्हतं. तिनेही विचारलं नव्हतं. तिने आईकडे पाहिलं. आज मालिनीबाई ताट ठेवायला उठल्या नव्हत्या. जावयाकडे बघत शांतपणे श्रीखंड खात होत्या.

गाडीत बसल्यावर कुमारला काहीतरी जाणवलं. “का गं, गप्प का? माझं काही चुकलं का?”

“नाही हो कुमार,” मागच्या सीटवरून मालिनीबाई म्हणाल्या. “छान सांगितलंत. तिथे त्यांना वर्षातून एकदाच न्यायचे. इथे तुम्ही दोघं महिन्यातून एकदा नेता, एवढंच.”

कुमारने गाडी रूट नाइनच्या हायवेवर घेतली. सुलेखाला लाज वाटत होती, अशी की सीटबेल्ट सोडून चालत्या गाडीतून उतरावं. लॉसनच्या बायकोने अकरा घरांची यादी केली होती. सुलेखाची यादी त्याहून मोठी होती, आणि ती तिने प्रेमाने केली होती.

दुसऱ्या दिवशी तिने शीनाला लिहिलं. या वेळी गोड नाही. माझ्या वडिलांनी नऊ वर्षं तुमच्या गावाची रात्रपाळी केली. त्यांचं नाव डॉक्टरांच्या फलकावर घाला. घालणार नसाल तर फोटो काढून टाका.

चार दिवसांनी उत्तर आलं. शीनाला फार वाईट वाटलं होतं, आणि ते खरंही असावं. फलक ओतून तयार आहे, त्यात आता बदल शक्य नाही. फोटो मात्र कृपा करून काढायला सांगू नका. तो प्रवेशाजवळच लावला आहे, माणसाच्या उंचीएवढा, आणि आल्या-गेल्याचं लक्ष वेधून घेतो. गावातल्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या एका आजींनी त्यांना लगेच ओळखलं. त्या म्हणाल्या, काय देखणा माणूस होता, त्याच्यासारखं पाऊल पुन्हा कुणाचं मिळालं नाही. नाव मात्र त्यांना आठवेना. तेव्हा समितीने असं ठरवलं आहे की तुम्ही नाव कळवावं, ते आम्ही फोटोखाली घालतो. जागा कमी आहे, शक्य तितकं छोटं द्या. आणि आणखी एक, हे सगळ्यांना फारच आवडलं आहे : मे महिन्यात नव्या हॉलच्या दारातून पहिलं पाऊल तुम्हीच टाकायचं, त्यांची मुलगी म्हणून. कोळसा आम्ही आणू. हल्ली बाई चालते!

सुलेखाने पत्र दोनदा वाचलं. खोटं कशाला बोला, क्षणभर तिला मोह झाला. ऑख्टरबेगच्या भिंतीवर नाव लागणार होतं. पितळेत नाही, डॉक्टरांमध्ये नाही, पण माणसाच्या उंचीएवढ्या फोटोखाली, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल असं. चार वर्षांची होती तेव्हापासून ज्या फाटकांबाहेर ती थांबली होती, ती सगळी फाटकं आता तिला आत बोलावत होती. ती लॅपटॉप घेऊन खाली गेली आणि आईला सगळं मराठीत वाचून दाखवलं.

मालिनीबाईंनी फोटो पाहायला मागितला. चष्मा लावून बराच वेळ पाहिला. “हा कोट लॉसनचा आहे,” त्या म्हणाल्या. “यांचा कोट विटका होता, म्हणून त्या दिवसापुरता तो द्यायचे. दुसऱ्या दिवशी परत नेऊन द्यावा लागे.”

“नाव देऊ का, आई?”

“तुला द्यावंसं वाटतंय?”

“मला त्यांचं नाव तिथे हवं होतं. एवढं एकच हवं होतं.”

“मला माहीत आहे.” मालिनीबाईंनी लॅपटॉप लेकीकडे सरकवला. “पण देऊ नकोस. नाव नाही तोवर तो त्यांचा कुणीतरी काळा माणूस आहे. नाव दिलंस की ते हे होतील.”

“फोटो काढणार नाहीयेत ते.”

“नाही काढू देत. तो कोण, ते आपण सांगायचं नाही.”

सुलेखा वर आली. तिकिटं कॅन्सल केली. कुमारने काही विचारलं नाही, म्हणजे एवढं तरी त्याला ऐकू आलं होतं. मग तिने शीनाला उत्तर लिहायला घेतलं. पहिल्यांदा लांब लिहिलं, लॉसन, ट्रॅक्टर, ओकाऱ्या, सगळं. ते पुसलं. दुसऱ्यांदा लिहिलं तेव्हा ते तीन ओळींचं झालं. माझ्याकडून चूक झाली. जुने फोटो पुन्हा नीट पाहिले. तुम्हाला पाठवलेल्या फोटोतले गृहस्थ माझे वडील नाहीत. ते कोण आहेत, मला माहीत नाही.

आयुष्यभर तिने रिपोर्टवर सही करायच्या आधी प्रत्येक शब्द तपासला होता. हाही तपासला. ‘माझे वडील नाहीत’ यापाशी तिचं बोट थांबलं, आणि वडील गेले त्या दिवशी रडली नव्हती इतकी ती रडली. मग डोळे पुसले आणि पत्र पाठवून दिलं.

शीना कॉम्प्युटरपाशीच असावी. उत्तर पाच मिनिटांत आलं. अजिबात मनाला लावून घेऊ नका, इतक्या वर्षांनी अशा चुका होतातच. फोटो गावात सगळ्यांना फार आवडलाय, तो आहे तसाच ठेवतो.